तारांचा नकाशा, शिक्क्यांचं जाळं : कलाप्रदर्शन संशोधकासारखं कसं वाचायचं?

पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे बरेच जण मला आपल्या सिनॉप्सिसचा मसुदा पाठवतात. शीर्षकं साधारण अशी असतात : ‘जागतिक स्थलांतर : एक अभ्यास’, ‘वसाहतवादाचा वारसा : एक चिकित्सक दृष्टिक्षेप’, ‘हवामानबदल आणि समाज’. मेहनत घेतलेली दिसते, संदर्भही असतात. मग मुलाखतीत समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, ‘‘विषय कळला. तुमचा प्रश्न काय आहे?’’ आणि गाडी तिथेच अडते.

विषय आणि प्रश्न यांतला फरक सांगणारी पुस्तकं भरपूर आहेत. मला तो पुस्तकांपेक्षा कलाप्रदर्शनांतून जास्त नीट कळला, म्हणून आज तुम्हाला तिकडे नेते. गेली दहा-पंधरा वर्षं जगभरची संग्रहालयं ‘जागतिक सामाजिक प्रश्नांना भिडणारी’ समकालीन कला दाखवतायत. स्थलांतर, युद्ध, पाणी, लिंगभाव, सीमा. प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीवर लांबलचक मजकूर असतो आणि त्यात बऱ्याचदा आपल्या सिनॉप्सिससारखीच भाषा असते : हे प्रदर्शन अमुक गोष्टीचा वेध घेतं, तमुक गोष्टीकडे लक्ष वेधतं. वेध घेतला म्हणजे नक्की काय केलं, हे विचारायची सवय लागली की प्रदर्शन वाचता येतं. सिनॉप्सिसही वाचता येतो.

उदाहरणासाठी एकाच कलावंताच्या दोन कलाकृती घेऊ. रीना सैनी कल्लाट. जन्म दिल्लीचा, 1973 चा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि कामही मुंबईतच. या दोन कलाकृतींची सामग्री आपल्या बुधवार पेठेत सहज मिळेल अशी आहे. पहिलीला विजेच्या तारा लागतात, त्या तपकीर गल्लीत वेटोळ्यांनी टांगलेल्या असतात. दुसरीला रबरी शिक्के लागतात. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला आलात की ‘एका तासात शिक्के’ अशी पाटी कुठेतरी दिसतेच. म्हणजे सामान सगळ्यांना उपलब्ध आहे. फरक त्याचं काय करायचं यात.

पहिली कलाकृती ‘वोव्हन क्रॉनिकल’. विणलेली बखर म्हणू या. 2011 पासून तिची रूपं वेगवेगळ्या ठिकाणी उभी राहिली. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं, ‘इनसिक्युरिटीज : ट्रेसिंग डिस्प्लेसमेंट अँड शेल्टर’ या प्रदर्शनातलं. ऑक्टोबर 2016 ते जानेवारी 2017, क्युरेटर शॉन अँडरसन. त्या वेळची हवा आठवा. 2015 च्या अखेरीस जगात सक्तीने विस्थापित झालेल्यांची संख्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनुसार 6 कोटी 53 लाख होती. भूमध्य समुद्रात बोटी बुडत होत्या आणि प्रदर्शन चालू असतानाच अमेरिकेत ट्रम्प निवडून आले. अशा वेळी विस्थापन आणि निवारा हा विषय घ्यायला धाडस लागतं, ते संग्रहालयाने दाखवलं, हे आधीच मान्य करून टाकू.

(हे प्रदर्शन मी छायाचित्रांतून आणि संग्रहालयाच्या मजकुरातून पाहिलंय. या संग्रहालयाने 1929 पासूनच्या आपल्या प्रदर्शनांची माहिती संकेतस्थळावर खुली ठेवली आहे. कलेवर काम करायचं असेल तर हा खजिना आहे. पण लिहिताना ‘प्रत्यक्ष पाहिलं’ आणि ‘छायाचित्रात पाहिलं’ यांची सरमिसळ करू नका. तारांच्या गुंत्याची जाडी छायाचित्रात सपाट होते, आवाज तर येतच नाही.)

भिंतभर जगाचा नकाशा आहे, रंगीत विजेच्या तारांनी विणलेला. वेगवेगळ्या काळातल्या स्थलांतरांचे मार्ग तारांनी दाखवलेत : करारबद्ध मजूर, वसाहतींत गेलेले लोक, निर्वासित, नोकरीसाठी गेलेले व्यावसायिक. काही ठिकाणी तारेला अशी गाठ मारलीय की ती काटेरी तारेसारखी दिसते. मध्ये स्पीकर आणि सर्किट बोर्ड आहेत, आणि आवाज आहे : उच्चदाबाच्या विजेची घरघर, कारखान्याचे भोंगे, जहाजांचे हॉर्न, पक्षी. माध्यमाची निवड पक्की आहे. तार वाहूनही नेते आणि कुंपण घालून अडवतेही. ही एक गोष्ट कलाकृतीला नुसत्या पोस्टरच्या वर नेते.

आता हा नकाशा व्हायवाला बसलाय असं समजा. बाहेरचे परीक्षक पहिल्यांदा विचारतील की तुमचं विश्लेषणाचं एकक कोणतं. एक तार म्हणजे एक माणूस, एक जहाज, की एक शतक? कलकत्त्याहून मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियाची तार आणि पुण्याहून कॅलिफोर्नियाला गेलेल्या इंजिनिअरची तार सारख्याच जाडीची का? एकाने अंगठा उठवला होता, दुसऱ्याने ऑफर लेटरवर सही केली. नकाशावर दोघेही सुंदर वळण घेऊन समुद्र ओलांडतात. तारेला तारीख नाही, नाव नाही, परत यायची सोय होती की नव्हती याची खूण नाही.

कलाकृती म्हणजे प्रबंध नव्हे, असा आक्षेप तुम्ही घ्याल आणि तो रास्त आहे. कलावंताकडून तळटीपा मागण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक चांगल्या कामात एखादी अशी निवड असते की ती वेगळी केली असती तर अर्थ बदलला असता. तारेची निवड तशी आहे. नकाशाची निवड तशी नाही. जगाचा नकाशा हा ‘जागतिक’ या शब्दाचा सगळ्यांत सोपा अनुवाद आहे. तो समोर आला की प्रेक्षक मान डोलावतो. सगळे हलतात, सगळं जोडलेलं आहे. आणि पुढच्या दालनात जातो. त्याच प्रदर्शनात आयकिया फाउंडेशनच्या मदतीने तयार झालेला, खोक्यात सपाट बांधून पाठवता येणारा निर्वासितांसाठीचा निवाराही होता. एकीकडे सगळ्या जगाचा नकाशा, दुसरीकडे सगळ्यांना चालेल असं घर. मला ही दोन्ही टोकं सारखीच वाटतात, कारण दोन्हींकडे माणूस सरासरीने येतो.

‘स्थलांतर’ म्हटलं की मराठवाड्यातल्या वाचकाला आधी काय आठवतं? ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे बीडहून निघणाऱ्या गाड्या कुठल्याच देशाची सीमा ओलांडत नाहीत, म्हणून त्या जगाच्या नकाशावर कुठल्याच तारेत येत नाहीत. 8 मे 2020 ला जालन्याहून पायी निघालेले 16 मजूर रुळांवर झोपले होते, मालगाडीखाली गेले. ते मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी चालले होते. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. तीही तार नकाशावर नाही.

ऊसतोडीतली मोजणी पाहा. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. दोन माणसं, एक एकक. बाई पहाटेपासून राबते आणि कागदावर अर्धा कोयता असते. खरं तर अर्धाही नाही, कारण उचल घेणारा हात बहुतेक वेळा नवऱ्याचा. आता ‘महाराष्ट्रातील स्थलांतर : एक अभ्यास’ हे शीर्षक बाजूला ठेवा आणि विचारा : दोन माणसांना एक कोयता मोजल्याने मजुरीच्या वादात बाईचं म्हणणं कुठे नोंदवलं जातं? हा प्रश्न झाला. याला उत्तर ‘नाही’ असं येऊ शकतं, ‘गावागावांत वेगळं’ असं येऊ शकतं, आणि तुम्ही चुकीचे ठरू शकता. ज्या वाक्यात आपण चुकीचे ठरूच शकत नाही तो विषय असतो.

नकाशाच घ्यायचा असेल तर तो प्रश्नासारखा कसा वापरता येतो? त्याच वर्षी, त्याच संग्रहालयात, एप्रिल ते ऑक्टोबर 2016 मध्ये बुश्रा खलिली यांचा ‘द मॅपिंग जर्नी प्रोजेक्ट’ होता. खलिली मोरोक्कन-फ्रेंच कलावंत आहेत. 2008 ते 2011 या काळात केलेल्या 8 चित्रफिती. प्रत्येकीत फ्रेम स्थिर असते, समोर छापील नकाशा आणि त्यावर एक हात. हातात मार्कर. तो माणूस आपल्या प्रवासाची गोष्ट सांगत जातो आणि रेघ ओढत जातो. कागदपत्रांशिवाय केलेले प्रवास आहेत हे. महिन्यांचे, वर्षांचे, परत पाठवल्यावर पुन्हा निघालेले. चेहरा कधीच दिसत नाही. एका चित्रफितीत रामल्लाचा तरुण जेरुसलेममध्ये राहणाऱ्या होणाऱ्या बायकोला भेटायला निघतो. सरळ रेघेत पंधरा-वीस किलोमीटर. नाकी चुकवत, डोंगरातून, त्याची रेघ किती लांबते ते पाहा.

नकाशा इथेही आहे. पण रेघ ओढणारा हात त्या माणसाचा आहे, आणि रेघ जिथे अडखळते तिथे आवाजही अडखळतो. ‘सीमा कुणासाठी किती लांब असते’ हा प्रश्न प्रत्येक चित्रफितीत वेगळं उत्तर घेऊन येतो. भिंतीवरच्या तारांच्या नकाशातून तुम्ही एक तार काढून टाकलीत तर काही बिघडत नाही. खलिलींच्या 8 पैकी एक काढा, एक माणूस जातो.

आता कल्लाटांच्या दुसऱ्या कलाकृतीकडे येऊ. ही आपल्याला जवळची, आणि माझ्या मते जास्त मोलाची. 2013 साली मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी एक अवाढव्य कोळ्याचं जाळं टांगलं. जाळ्याचे धागे रबरी शिक्क्यांचे. शेकडो शिक्के, आणि प्रत्येकावर मुंबईतल्या एखाद्या रस्त्याचं वसाहतकाळातलं नाव, जे पुढे बदललं गेलं. एरमेनेजिल्डो झेन्या या इटालियन कपड्यांच्या कंपनीच्या सार्वजनिक कलाप्रकल्पातून हे काम झालं. प्रायोजक कोण, हे नेहमी पाहून ठेवा. लगेच निष्कर्ष काढायची गरज नाही, पण नोंद हवी.

शिक्का कल्लाटांच्या कामात आधीपासून आहे. ‘सिनोनिम’ या मालिकेत त्यांनी, सरकारदरबारी बेपत्ता म्हणून नोंद झालेल्या लोकांची नावं कोरलेल्या शिक्क्यांपासून चेहरे उभे केले होते. लांबून चेहरा दिसतो, जवळ गेलं की नुसती नावं. शिक्का म्हणजे सरकारने ‘हो’ म्हटल्याची खूण. ज्याच्या नावाचा शिक्का उठला तो आहे, बाकीचे शंकास्पद.

पण भायखळ्यातलं जाळं मोठं होतं ते जागेमुळे. ही इमारत 1872 साली लोकांसाठी उघडली, तेव्हा तिचं नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. 1975 साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. बाजूची बाग आधी व्हिक्टोरिया गार्डन्स, मग वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आणि लोकांच्या तोंडी सगळा काळ राणीची बाग. संग्रहालयाच्या आवारात हटवलेले पुतळे येऊन बसलेत. ज्याच्यावरून काळा घोडा चौकाला नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही 1965 साली तिथून निघून भायखळ्यालाच आला. चौकातला घोडा गेला, चौकाचं नाव राहिलं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं : हे संग्रहालय मुंबई महानगरपालिकेचं आहे. रस्त्यांची नावं बदलायचे ठराव करणारी संस्थाही तीच. म्हणजे पालिकेने केलेल्या कृतीची यादी पालिकेच्याच इमारतीच्या तोंडावर टांगली गेली, तीही पालिकेच्याच हत्याराने, शिक्क्याने. हे जाळं न्यूयॉर्कला नेऊन टांगलं असतं तर ते नुसतं सुंदर दिसलं असतं.

तुम्ही फील्ड निवडताना हे लक्षात ठेवा. ‘मला कोणतंही एक गाव चालेल’ असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलं असेल, तर बहुधा प्रश्न अजून सापडलेला नाही.

मात्र या जाळ्याशी माझं भांडण आहे. कोळ्याचं जाळं कुठे लागतं? वापर थांबलेल्या जागी, माळ्यावर, बंद खोलीत. प्रतिमा सांगते की ही नावं विस्मरणात गेली, धूळ बसली. प्रत्यक्षात तसं झालेलं नाही. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असा पत्ता सांगून टॅक्सी करा, टॅक्सीवाला विचारेल कुठे. लॅमिंग्टन रोड म्हणा, थेट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसमोर सोडेल. हॉर्नबी रोड मात्र खरोखर गेला, त्याचा दादाभाई नौरोजी रोड लोकांनी ‘डी. एन. रोड’ करून पचवला. एक नाव टिकतं आणि दुसरं जातं, असं का? दुकानदारांमुळे, बसच्या पाट्यांमुळे, की नवं नाव उच्चारायला लांब पडतं म्हणून? जाळ्यात सगळी नावं सारखीच मेलेली आहेत. इतिहासाने त्यांना सारखं वागवलेलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ‘वसाहतीचं नाव’ आणि ‘आपलं नाव’ अशी दोनच खणांची मांडणी जाळं गृहीत धरतं. आपली बुधवार पेठ घ्या. औरंगजेबाच्या काळात ती मुहियाबाद होती, पेशवाईत वारावरून बुधवार झाली. इंग्रजांचा इथे संबंधच नाही. आणि आज? इथल्या वसतिगृहांत, अभ्यासिकांत राहणाऱ्या मुली पत्ता सांगताना ‘अप्पा बळवंत चौकाजवळ’ म्हणतात, ‘लक्ष्मी रोडला’ म्हणतात. ‘बुधवार पेठ’ म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते त्यांना नको असतं. पाटीवर एक नाव, तोंडात दुसरं. कुठल्याही पालिकेने ठराव न करता झालेलं हे नामांतर आहे.

शिवाय जुनं नाव जाणं हे दर वेळी नुकसान असतं का? डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. ती जुनी नावं शिक्क्यांवर कोरून कुणी जाळं विणलं, तर आपण त्याच्यासमोर हुरहुर लावून उभे राहू का? ज्याला ते नाव पत्ता म्हणून वापरावं लागलं तो तर नाहीच. नाव कुणी ठेवलं, कुणाला ते मिरवता आलं आणि कुणाला लपवावं लागलं, हे विचारल्याशिवाय ‘नामांतर’ हा विषयच राहतो. कल्लाटांचं जाळं आपल्याला या प्रश्नाच्या दारापर्यंत आणून सोडतं. आत जात नाही. तरी दारापर्यंत आणतं, हे तारांच्या नकाशापेक्षा पुष्कळ आहे. एकेक नाव वाचता येतं, तपासता येतं, त्याच्याशी भांडता येतं. मी आत्ता भांडले ती त्या नावांमुळेच.

आत जाणारं काम कसं असतं याचं पुण्यातलंच उदाहरण देते. राज्यश्री गुडी मूळच्या पुण्याच्या. फर्ग्युसनमध्ये समाजशास्त्र, मग मँचेस्टरला दृश्य मानवशास्त्र. म्हणजे आपल्याच जमातीतल्या, शोधनिबंध वाचून कलेकडे गेलेल्या. 2017 सालच्या त्यांच्या एका कलाकृतीचं नावच प्रश्न आहे : पाण्याची जात कोणती? समोर काचेचे 108 पेले, आणि त्यांत वाळलेलं पंचगव्य. बस, एवढंच. 20 मार्च 1927 ला महाडला डॉ. आंबेडकर आणि सत्याग्रही चवदार तळ्याचं पाणी प्याले, त्यानंतर सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ केलं, 108 घागरी आणि पंचगव्य वापरून. हे माहीत नसेल तर पेल्यांत नुसता तपकिरी थर दिसतो. माहीत असेल तर तो थर बघवत नाही. ‘पाणी’ हा जगातल्या प्रत्येक कलामहोत्सवाचा लाडका विषय आहे. वितळणारे हिमखंड, कोरडी धरणं. इथे पाण्याचा एक थेंबही नाही, वाळून गेलंय सगळं. आणि प्रश्न एका तळ्याचा, एका वर्षाचा, एका आकड्याचा. तो दक्षिण आफ्रिकेतल्या किंवा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या वेगळ्या ठेवलेल्या नळांपर्यंत आपोआप पोहोचतो. त्यासाठी नकाशा टांगावा लागत नाही.

आता आपल्या पेठेकडे. बुधवार पेठ ही संशोधक आणि कलावंत या दोघांसाठी तयार ‘विषय’ आहे. दर वर्षी समाजकार्याचे, समाजशास्त्राचे विद्यार्थी इथे प्रश्नावल्या घेऊन येतात, आणि कॅमेरेही येतात. वेश्याव्यवसायातल्या बायकांवर छायाचित्रं काढली जातात, ती ‘मानवी तस्करी’ या जागतिक मथळ्याखाली कुठे ना कुठे लागतात. लाल दिवा, जाळीचं दार, खिडकीतली पाठमोरी आकृती. चेहरा ब्लर. ब्लर केलं की नैतिक जबाबदारी संपली असं बऱ्याच जणांना वाटतं. खलिलींची चित्रफीत पुन्हा आठवा. तिथेही चेहरा नाही, पण तो नंतर पुसलेला नाही. कामाच्या रचनेतच त्याची गरज ठेवलेली नाही. जे घ्यायचंच नव्हतं ते घेतलं नाही, आणि जे घेतलं, म्हणजे आवाज आणि रेघ, ते त्या माणसाच्या हातात ठेवलं. ब्लरमध्ये आधी घेतलं जातं आणि मग झाकलं जातं. पुसलेला चेहरा प्रेक्षकाला सांगतो की इथे लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे.

तुमच्या संमतिपत्रालाही हेच लागू पडतं. एथिक्स कमिटीला अर्ज जोडलात, बाईची सही किंवा अंगठा घेतलात, नाव बदललंत. ठीक. पण नाव मुळात लागणार होतं का? वय, गाव, या धंद्यात कशी आलीस ही कहाणी, हे तुमच्या प्रश्नाला हवं होतं की ‘सगळे विचारतात’ म्हणून प्रश्नावलीत आलं? भाडं किती, कुणाला, पावती मिळते का, मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर पत्ता काय लिहितेस, हे विचारणाऱ्याला कदाचित जास्त कळेल आणि समोरचीला कमी सोसावं लागेल. पत्त्याचा प्रश्न तर वर आलेलाच आहे. वसतिगृहातली मुलगी आणि गल्लीतली बाई, दोघी एकच नाव टाळतात, वेगवेगळ्या कारणांनी. यावर कुणी प्रबंध लिहिला तर मी पहिली वाचेन.

याच पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर, भिडेवाडा होता. 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची पहिली शाळा सुरू केली ती तिथे. 2014 साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं आणि त्या वेळीही वाडा पडायला आलेलाच होता, खाली दुकानं, वर ढासळलेल्या भिंती, आणि जागेचा वाद कोर्टात. तो वाद 2023 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात पालिकेच्या बाजूने संपला, आणि डिसेंबरात एका रात्रीत वाडा जमीनदोस्त झाला. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. मुलींचं शिक्षण हा तर अगदी जागतिक प्रश्न, संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टांत बसणारा. स्मारकात प्रदर्शन येणार, आणि मला भीती आहे ती विषयाची : पुतळा, दिव्यांची योजना, भिंतीवर पाटी घेतलेली मुलगी, आणि जगाचा नकाशा, ज्यावर पुण्याच्या जागी एक ठिपका.

माझ्या हातात असतं तर मी एकच भिंत मागितली असती. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयी आहे तो. शाळेत जेमतेम काही वर्षं काढलेली मुलगी त्यात विचारते, की ज्यांना वेद वाचायचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता. प्रश्न कसा असतो हे शोधताय ना? हा घ्या. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा, एका विद्यार्थिनीचा, आणि अजून उत्तराची वाट पाहणारा.

तो निबंध मोठ्या अक्षरात, पूर्ण, काहीही न गाळता त्या भिंतीवर लावावा. बाजूला चित्र नको. वाचायला दहा-पंधरा मिनिटं लागतील. प्रदर्शनात कुणी एका भिंतीसमोर इतका वेळ थांबत नाही, असं सांगतील. रस्त्याच्या पलीकडे दर्शनाच्या रांगेत माणसं त्याहून जास्त वेळ उभी असतात.